फोटो पाठवाल ना?

गेल्या श्रावणात कपाटातले स्लाइडचे डबे उघडले, तर निम्म्या स्लाइडना बुरशी. स्लाइडवरचा थर जिलेटिनचा असतो, बुरशीला तो खाऊच वाटतो. पुण्याची पावसाळी हवा आणि माझा आळस यांनी मिळून तिला तीन-चार वर्षं पंगत घातली होती. सिलिका जेलच्या पुड्या केव्हाच दमट होऊन निकामी झाल्या होत्या. मग रोज दुपारी खिडकीशी लाइट बॉक्स मांडायचा, एकेक स्लाइड पुसायची, बघायची, स्कॅन करायची आणि खाली ओळ लिहायची, असं काम काढलं. ‘वारकरी, १९९९.’ ‘मिठागर, कच्छचं छोटं रण.’ ‘पँगाँग, सकाळ.’

त्याच कपाटात तळाशी ती वही सापडली. सापडली म्हणणं खोटं आहे. ती तिथं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो कप्पा इतकी वर्षं उपसला नव्हता.

वाणी उधारी लिहून ठेवतो तसली ही वही आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची. नोंदीही उधारीच्याच. डावीकडे रोल आणि फ्रेमचा नंबर, मधे पत्ता, आणि फोटो पोस्टात टाकला की उजवीकडे बरोबरची खूण. एकूण पत्ते २३८. खूण नसलेले ५१.

पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रकं, कॅलेंडरं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं यांसाठी मी तीसेक वर्षं हिंडून फोटो काढले. कुठं बोलायला बोलावलं की प्रश्न ठरलेला, ‘या फोटोमागची गोष्ट सांगा ना.’ लोकांना अपेक्षा असते की मी पहाटे तीनला उठले, चार तास दबा धरून बसले आणि मग ढगातून एक तिरीप आली. तसंही होतं कधीकधी. पण त्यात सांगण्यासारखं काही नसतं, ती नोकरी झाली. माझ्या फोटोंमागच्या गोष्टी बहुतेक या वहीत आहेत. ज्याचा फोटो काढला तो माणूस दोन मिनिटांनी जवळ येऊन विचारतो, ‘पाठवाल ना?’ मराठीत, कन्नडमध्ये, गुजरातीत, खुणेनं. मी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणाले आहे.

पँगाँगचं लगेच उरकून टाकते, कारण माझा सगळ्यात जास्त वेळा विकला गेलेला फोटो तोच. ‘थ्री इडियट्स’ २००९ मध्ये आला आणि त्यानंतर प्रत्येक पर्यटन कंपनीला ते निळं तळं हवं झालं. सव्वाचार हजार मीटर उंची, थंडीनं बॅटऱ्या माना टाकतात म्हणून त्या आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवायच्या. रात्री गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर आतवर दव धरतं. एवढंच. फोटो सुंदर आहे, त्यामागे गोष्ट नाही. तळं पत्ता देत नाही.

वारीची गोष्ट मात्र लांबली.

१९९९ ची वारी. माऊलींच्या पालखीचं गोल रिंगण, सदाशिवनगरला. आधी पताकावाले धावतात, मग डोईवर तुळशी घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी आणि शेवटी अश्व. कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी नसतं, कारण त्यावर माऊली असतात. तो दुसरा माझ्या समोरून गेला तेव्हा चारही पाय जमिनीच्या वर होते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ऐंशी-दोनशेच्या लेन्समधून फक्त धूळ दिसत होती आणि रोलमध्ये चार फ्रेम उरल्या होत्या. स्लाइड फिल्मला चूक खपत नाही. प्रकाशाचा अंदाज अर्ध्या स्टॉपनं हुकला तरी आकाश जातं किंवा चेहरे काळे पडतात. धुऊन यायला आठवडा जायचा, तोवर जीव टांगणीला.

अश्व गेला तशी माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला तुटून पडली. त्या लोंढ्यातून एक आजोबा माझ्यापाशी आले. पताका खांद्यावर तशीच. ते धावून कडेला उभे राहिले होते आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात आले आहेत, हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं. म्हणाले, “माऊली, मी आलोय तुमच्या फोटूत. पाठवाल ना?” मी वही काढली. त्यांनी पत्ता असा सांगितला जसा अभंग सांगावा, थांबून, प्रत्येक शब्द सुटा करून. मुक्काम पोस्ट, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. मग म्हणाले, “जनाबाईचं गंगाखेड, म्हंजी चुकायचं नाही.”

तो फोटो दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आला, पुढं दोन प्रदर्शनांत लागला. आजोबांना मी पाच बाय सातची प्रिंट पाठवली, पुठ्ठ्यात घालून. माझ्या मते ते माझं त्या वर्षीचं सर्वात चांगलं काम होतं. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, मुलाच्या अक्षरात. ‘फोटो पोचला. वडिलांचा चेहरा लहान आला आहे. घोडा मोठा आला आहे. तरी वडिलांचा मोठा करून पाठवावा ही विनंती.’

माझ्या कामावर इतकी नेमकी टीका कुणी केलेली नाही. मी हसले, मैत्रिणींना कार्ड वाचून दाखवलं आणि ठेवून दिलं. पुढच्या वर्षी दुसरं कार्ड आलं. वडील माघात गेले, घरात त्यांचा दुसरा फोटो नाही, मतदानाच्या कार्डावरचा ओळखू येत नाही. मग मात्र मी लॅबमध्ये जाऊन बसले. स्लाइडच्या कोपऱ्यातला नखाएवढा चेहरा आठ बाय दहापर्यंत वाढवला. चेहऱ्याचे कण कण झाले. मिशी, गंध आणि हसू एवढं कळत होतं. तसाच पाठवला.

चारेक वर्षांनी परळीला काम होतं, वाट वाकडी करून त्या गावात गेले. समोरच्या खोलीत भिंतीवर हार घातलेला फोटो. तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं आजोबांना कापून निळ्या पार्श्वभूमीवर बसवलं होतं. अंगात काळा कोट होता, जो त्यांनी जन्मात घातला नसावा. गंध नव्यानं रंगवलेलं. घोडा नाही, धूळ नाही, रिंगण नाही. उजव्या खांद्यामागे मात्र तिरकी एक काडी दिसत होती, बोटभर. पताकेची काठी. ती कशी कापावी हे स्टुडिओवाल्याला सुधरलं नसावं. मुलानं विचारलं, “ताई, चांगला आलाय ना?” मी चांगला आलाय म्हणाले. चहा झाला, सुनेनं ओटी भरली. परतताना गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तो हार घातलेला फोटो मीच काढलेला आहे हे त्या घरात कुणी म्हणालं नव्हतं आणि मलाही ते म्हणावंसं वाटलं नव्हतं.

आमच्या धंद्यात ज्या फोटोंचे दाखले दिले जातात त्यांच्या कहाण्या काढून बघा. डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं वाटाण्याच्या मळ्यावरच्या मजूर बाईचा फोटो काढला. मंदीच्या काळाचा तो चेहराच ठरला. लँगनं तिला नावही विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि तोवर तिच्या वाट्याला त्या फोटोतून काही आलं नव्हतं. स्टीव्ह मॅकरीनं १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो पुढल्या वर्षी मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. ती शरबत गुला आहे हे २००२ मध्ये तिला शोधून काढल्यावर कळलं, तोवर तिनं स्वतः तो फोटो पाहिलेला नव्हता. दोघंही माझ्यापेक्षा शंभर पटींनी मोठे छायाचित्रकार. पण त्यांच्याजवळ वही असायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं.

हंपीचा पत्ता वहीत कन्नडमध्ये आहे. २००४ मध्ये एका माहितीपत्रकासाठी गेले होते. सगळ्यांना विठ्ठल मंदिरातला दगडी रथ हवा असतो, आता पन्नासच्या नोटेवर आहे तोच. त्या मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि पैठणच्या भानुदासांनी परत आणला, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. तिथल्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की ती कथा खरी की खोटी हा प्रश्न पडत नाही, मराठी माणसाला जरा अपराधी मात्र वाटतं. रथाचे फोटो काढून झाले. मला खरं काढायचं होतं ते विरूपाक्ष मंदिरातलं उलटं गोपूर.

गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या जागी भिंतीतल्या लहानशा झरोक्यातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेचं नऊ मजली गोपूर उलटं उमटतं. कळस खाली, दार वर. कॅमेरा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच खोली. अंधारी खोली, एक भोक, समोर चित्र. माझ्या गळ्यातल्या यंत्राचा पूर्वज तिथं भिंतीत बसलेला होता, आणि मला त्याचाच फोटो जमेना. भिंत तेलकट, काळवंडलेली, गोपूर म्हणजे नुसता करडा डाग. शाळेची सहल आली होती. त्यातला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझी खटपट बघत होता. त्यानं दप्तरातून वही काढली, मधलं कोरं जोडपान उघडलं आणि भिंतीसमोर धरलं. त्या पानावर गोपूर लख्ख उमटलं, एकेरी रेघांच्या ओळींवर, मजला मोजता येईल इतकं. फ्रेममध्ये कडेला त्याचे दोन अंगठे आले आहेत, एका नखावर शाईचा डाग. पत्रकासाठी ते अंगठे कापून टाका असं मला सांगण्यात आलं. मी फोटोच दिला नाही.

पत्ता त्यानंच लिहिला, झरझर. मला कन्नडचं अक्षर येत नाही. पुण्यात आल्यावर त्या पानाची झेरॉक्स काढली, पत्त्याची पट्टी कापून पाकिटावर चिकटवली. खाली इंग्रजी आकड्यांत पिनकोड होता, सगळी मदार त्यावर. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला आणि त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यानं. ते संस्कृतचे कवी. माझ्या या वहीवर त्यांचे उपकार आहेत. पाकीट परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं मी धरते. उजवीकडे खूण आहे.

काशीचं पान जवळजवळ कोरं आहे. मणिकर्णिकेवर फोटो काढत नाहीत, काढू नये, एवढं सांगून पुरे. ब्रह्माघाटाच्या गल्लीत एक आजी भेटल्या, पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या पुस्तकातलं आणि मधेच ‘अच्छा’. त्यांचा दारातला फोटो काढला, पत्ता मागितला. “नको गं पाठवूस,” म्हणाल्या. “भिंतीवर जागा कुठाय? आधीच घरात असलेल्यांपेक्षा गेलेलेच जास्त झालेत.” संबंध वहीत नको म्हणणाऱ्या त्या एकट्या.

कच्छच्या छोट्या रणात मी गेले २०११ च्या जानेवारीत, पायांचे फोटो काढायला. हे कबूलच करून टाकते. खाराघोड्याहून आत शिरताना जीपवाल्यानं तेच सांगितलं जे तिथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. अगरियांचे पाय मिठानं इतके कडक होतात की सरणावर जळत नाहीत, नंतर वेगळे पुरावे लागतात. असं वाक्य ऐकल्यावर फोटोग्राफरच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही.

पावसाळ्यात हे पाच हजार चौरस किलोमीटरचं रण पाण्याखाली असतं. पाणी ओसरलं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला अगरिया कुटुंबं आत जातात. आपल्या पेण-उरणच्या मिठागरातला ‘आगर’ आणि हा अगरिया एकाच कुळातले शब्द, पण काम वेगळं. आपल्याकडे भरतीचं पाणी घेतात, इथं समुद्र दूर आणि खारं पाणी जमिनीखाली. खड्डा खणायचा, इंजिन लावून पाणी उपसायचं, वाफ्यांत खेळवायचं. वाफ्याचा तळ आधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, नाहीतर पाणी मुरून जातं. मग दिवसचे दिवस लाकडी दाताळ्यानं मीठ हलवत राहायचं, म्हणजे खडे मोठे बनतात. उन्हाळ्यात मीठ निघतं, पाऊस आला की झोपडी मोडून गावात परत. पुढल्या वर्षी घराची खूणही सापडत नाही. रणात एकमेकांपासून कोस-कोस लांब राहणारी माणसं आरशावर ऊन झेलून दूरच्या झोपडीला निरोप देतात. क्षितिजावर अचानक एक ठिणगी लुकलुकली आणि माझ्याबरोबरच्या पोरानं खिशातून आरसा काढून उत्तर दिलं. त्याचा फोटो काढायचं मला सुचलंच नाही, इतकी मी ते बघत राहिले.

पायांचे फोटो झाले. एक बाई वाफ्यात उभी होती, घोट्यापर्यंत पाण्यात. मी गुडघ्यावर बसून तिचे पाय टिपत होते. मीठ कातडीच्या भेगांत बसून पांढऱ्या रेघा झालेल्या, अंगठ्याचं नख अर्धं. चांगले फोटो आले, प्रदर्शनात लोक त्यांच्यापुढं थांबायचे. ती वरून बघत होती. मोडक्या हिंदीत तिनं जे म्हटलं त्याचं मराठी असं, “जो येतो तो पायांचेच फोटो नेतो, बेन. आम्हाला तोंडं नाहीत का?”

मी उठून उभी राहिले. गुडघ्याला लागलेलं मीठ झटकण्यात थोडा वेळ काढला. मग तिला विचारलं, कसा काढू? ती झोपडीत गेली, वीसेक मिनिटं बाहेर आली नाही. आली ती घडीची साडी नेसून, नवऱ्याला नवा शर्ट घालायला लावून. दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना उभी राहिली. कर्जानं घेतलेलं नवं इंजिन होतं ते. हात सरळ खाली, चेहरे गंभीर. भर दुपार, डोक्यावर ऊन, जमीन पांढरी फटक. त्या वेळी कुणी कॅमेरा बाहेरसुद्धा काढू नये. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडल्या, नवऱ्यानं एक डोळा बारीक केला. धंद्याच्या हिशेबानं टाकाऊ फोटो. सहा प्रती मागितल्या तिनं, माहेरी, दिराकडे, कुणाकुणाला.

पत्ता? रणाला पत्ता नाही. खाराघोड्यातल्या चहाच्या टपरीचा दिला तिनं, टपरीवाल्याच्या मोबाइल नंबरासकट. सहा प्रती पाठवल्या. टपरीवाल्यानं फोन करून सांगितलं, “घेऊन गेली. आता शेजारणीपण विचारतायत, पुन्हा कधी येणार?”

पायांचा फोटो एका कॅलेंडरनं घेतला. मे महिन्यावर छापला आणि खाली लिहिलं, ‘राजस्थानी स्त्री’. मी कळवलं, ते म्हणाले, पुढल्या आवृत्तीत बघू. कॅलेंडरला पुढली आवृत्ती नसते. त्याची प्रत मी टपरीच्या पत्त्यावर पाठवली नाही.

आता वही लागत नाही. नंबर द्या, व्हॉट्सअ‍ॅप करते म्हणायचं, तिथल्या तिथे जातो. माणसं कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला बघतात आणि “हा नको, डोळे मिटलेत, दुसरा काढा” म्हणतात. हे मला फार आवडतं. आजोबांना ही सोय असती तर त्यांनी मला घोडा बाजूला घ्यायला लावला असता. एक मात्र आहे, पाठवलेला फोटो फोनबरोबर हरवतो. परवाच एकीनं पाच वर्षांपूर्वीचा पुन्हा मागितला, फोन विहिरीत पडला म्हणून.

५१ पैकी ३८ पाकिटं गेल्या महिन्यात पोस्टात टाकली. पंचवीस वर्षांपूर्वीचे पत्ते आहेत, त्यातली ९ परत आली. बाकीची पोचली असावीत. दोघांचे फोन आले, त्यातला एक नातवाचा.

उरलेल्या १३ नोंदींत पत्ते पावसानं पुसलेले किंवा माझ्या अक्षरामुळे गेलेले आहेत. त्यातली एक १९९९ च्या वारीतलीच, आजोबांच्या आदल्या दिवशीची. डोईवर पितळी तुळशीवृंदावन घेतलेली पन्नाशीची बाई, पुढचा एक दात किंचित तुटलेला, हिरवं लुगडं, उजव्या मनगटावर गोंदलेलं. पत्ता लिहिला त्या दुपारी सर आली आणि शाई पसरली. वृंदावनावर नाव कोरलेलं आहे, पण फोटोत फक्त शेवटची दोन अक्षरं दिसतात, ‘वाडी’. महाराष्ट्रात अशा वाड्या किती, ते वाचकांना सांगायला नको. ती हसत म्हणाली होती, “माऊली, पाठवाल ना? न्हाईतर पुढल्या वारीला गाठीन.” पुढल्या वारीला मी गेले नव्हते.

तो फोटो या लेखाबरोबर दिला आहे. कुणी ओळखलं तर संपादकांना कळवा. आठ बाय दहाची प्रिंट काढून ठेवली आहे, चेहरा मोठा आहे.